लहान मुलांच्या दवाखान्यात सेवेची गुणवत्ता कशी तपासावी, कशी वाढवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत बालरोग दवाखाना चालवणारे डॉक्टर, तिथल्या सिस्टर आणि रिसेप्शनवर बसणारे कर्मचारी आम्हाला जे प्रश्न नेहमी विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पालकांचेही आहेत. आमचा दवाखाना लहान आहे. दोन डॉक्टर, दोन सिस्टर, रिसेप्शनवर एक ताई आणि एक मावशी एवढाच आमचा संसार असल्यामुळे मोठ्या रुग्णालयांना परवडणारी यंत्रणा या उत्तरांत सापडणार नाही.

डॉक्टर चांगले आहेत, दवाखान्यात गर्दीही आहे. मग गुणवत्ता वेगळी मोजायची कशाला?

गर्दीवरून लोकांचा विश्वास कळतो. प्रत्येक मुलाला योग्य उपचार मिळाले की नाही, हे त्यावरून कळत नाही. डॉक्टरांच्या स्मरणात मागच्या आठवड्यातील एखादे अवघड मूल राहते, पण त्याच दिवशी पाहिलेली सर्दी-जुलाबाची चाळीस मुले पुसली जातात, आणि नेमक्या त्या चाळिसांतच रोजच्या कामातील ढिलाई लपलेली असते. अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्तेची तीन अंगे सांगितली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. दवाखान्यात काटा, फ्रीज, ऑक्सिजन आहे का, ही रचना. मुलाचे वजन केले का, श्वास मोजला का, ही प्रक्रिया. आणि मूल बरे झाले का, हा परिणाम.

बाह्यरुग्ण दवाखान्यात परिणाम मोजणे फसवे असते, कारण जे मूल बरे झाले नाही ते पुढच्या चौकातील दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते आणि ते परत आले नाही म्हणजे बरेच झाले, असे आपण समाधानाने धरून चालतो. म्हणून आमचा भर प्रक्रियेवर आहे, आणि त्यासाठी आम्ही आमच्या आठवणीला न विचारता केसपेपरला विचारतो.

सुरुवात नेमकी कुठून करावी?

वजनापासून. लहान मुलांच्या बहुतेक औषधांचा डोस किलोवर ठरतो, वाढीचा आलेख वजनावर उभा असतो आणि जुलाब झालेल्या बाळाच्या अंगातील पाणी किती कमी झाले, याचा अंदाजही आधीच्या वजनाशी ताडून पाहिल्यावरच नीट येतो. तरीही दवाखान्यात सर्वांत घाईने उरकले जाणारे काम तेच असते. एकदा जुने केसपेपर चाळताना सहा महिन्यांच्या एका बाळाचे वजन सुमारे दोन महिन्यांतील तिन्ही भेटींत ७.२ किलो असे दशांशासकट एकच लिहिलेले आढळले. बाळाची वाढ खुंटली की काय, या शंकेने आम्ही घाबरलो. चौकशी केल्यावर कळले की काट्याची बॅटरी उतरली होती आणि गर्दीच्या वेळी आईलाच "मागच्या वेळी किती होतं?" असे विचारून तो आकडा केसपेपरवर चढवला जात होता.

त्यानंतर आम्ही रोज सकाळी काट्यावर ५ किलोचे प्रमाणित वजन ठेवून पाहतो आणि आलेला आकडा भिंतीवरील तक्त्यात लिहितो. तान्ह्या बाळांचा काटा १० ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा असावा. थंडीचा प्रश्न मात्र नाशिककरांना वेगळा सांगायला नको. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की बाळे स्वेटर, टोपडे, मोजे आणि वर दुपटे अशा थाटात येतात. ती तशीच काट्यावर ठेवली तर पाव-अर्धा किलो नुसती लोकर भरते. आम्ही काट्याशेजारी छोटा हीटर ठेवला आणि कपडे उतरवायला मावशींनी आईला हात द्यावा असे ठरवले, तेव्हा कुठे ही अडचण सुटली.

वजन लिहून थांबू नये. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर आणि त्यापुढे भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर टिंब द्यावे आणि ते टिंब आईला दाखवावे.

किती गोष्टी मोजाव्यात?

पाच ते सात. आम्ही पहिल्या वर्षी बावीस गोष्टी ठरवल्या होत्या आणि तिसऱ्या महिन्यात एकही मोजली जात नव्हती. सध्या आम्ही एवढेच पाहतो: प्रत्येक भेटीत वजन झाले का, खोकल्याच्या मुलाचा श्वास मोजून लिहिला का, जुलाबाच्या मुलाला ओआरएस आणि झिंक दोन्ही दिले का, साध्या सर्दीला प्रतिजैविक दिले गेले का, औषधाचा डोस मिलिलिटरमध्ये स्पष्ट लिहिला का, मूल कोणत्याही कारणाने आले तरी राहिलेल्या लसीची चौकशी झाली का, आणि तेच मूल तीन दिवसांत न बोलावता परत आले का.

जुलाबाचा मुद्दा सोपा वाटतो, पण कागदावर तोच सर्वाधिक अपुरा आढळतो. ओआरएस लिहिले जाते आणि झिंक राहून जाते, किंवा झिंक दोनच दिवसांचे लिहिले जाते. सहा महिन्यांखालील बाळांना दिवसाला १० मिलिग्रॅम आणि त्यापुढील मुलांना २० मिलिग्रॅम असे १४ दिवस झिंक द्यायचे असते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ते चालू ठेवायचे, हे आईला मुद्दाम सांगावे लागते, कारण आजार गेल्यावर औषध बंद करणे हा घरोघरचा शिरस्ता आहे.

मोजणी प्रत्यक्षात कशी करायची? आमच्याकडे संगणक नाही.

संगणकाची गरज नाही. महिनाअखेरीस एका दुपारी वीस केसपेपर काढावेत, पण निवडून काढू नयेत. गठ्ठ्यातील दर दहावा किंवा दर पंधरावा घ्यावा. निवडायची मुभा दिली की नीट लिहिलेले कागद आपोआप वर येतात, हा आमचा स्वतःबद्दलचाच अनुभव आहे. डॉक्टरांचे कागद सिस्टरने आणि एका डॉक्टरांचे कागद दुसऱ्या डॉक्टरांनी तपासावेत. ज्या मुलाला ती गोष्ट लागूच नव्हती, त्याला छेदात धरू नये: वीसपैकी सहा मुले खोकल्याची असतील, तर श्वासाचा हिशेब त्या सहांचाच.

एवढ्या लहान संख्येत टक्केवारी काढून नाचू नये किंवा रडूही नये. सहापैकी चार आणि सहापैकी पाच यांत सांगण्यासारखा फरक नसतो. आलेखाच्या कागदावर दर महिन्याचे टिंब द्यावे, निम्मी टिंबे वर आणि निम्मी खाली राहतील अशी मध्यरेषा आखावी आणि वाट पाहावी. सलग सहा किंवा अधिक टिंबे मध्यरेषेच्या एकाच बाजूला आली, तरच खरा बदल झाला असे समजण्याची रीत आहे.

प्रत्येक खोकल्याच्या मुलाचा श्वास पूर्ण मिनिट मोजणे गर्दीत शक्य आहे का?

आम्हालाही ते अशक्य वाटत होते. पण न्यूमोनिया ओळखण्याची ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि तिच्या सीमा ठरलेल्या आहेत: दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धाप. लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच वेग घेतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पळवाट येथे चालत नाही.

आम्ही हा बदल सगळ्या दवाखान्यात एकदम लागू केला नाही. पहिल्या दिवशी फक्त पाच मुले घेतली आणि सिस्टरने वजनानंतर श्वास मोजावा असे ठरवले. पाचांपैकी चार मुले काट्यावरून उतरताना रडत होती, म्हणजे आकडे निरुपयोगी ठरले. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला: मूल आईच्या मांडीवर शांत असताना, बाहेरच्या बाकावरच, सिस्टरने शर्ट वर करून मोजायचे आणि मग वजन. हे जमले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की मोजलेला आकडा लिहायला केसपेपरवर जागाच नाही, म्हणून रबरी शिक्का करून घेतला: "श्वास ___ / मिनिट". त्या शिक्क्याने जे साधले ते आधीच्या वर्षभराच्या सूचनांनी साधले नव्हते. आई "पोट उडतंय" म्हणाली तर ते तिच्याच शब्दांत शिक्क्याखाली लिहायचे, हेही तेव्हाच ठरले. बरगड्यांखालची ओढ आई डॉक्टरांच्या आधी पाहते.

जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीच्या एम्स आदी संस्थांसोबत तयार केलेले "पॉइंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट" हे प्रशिक्षण याच रीतीवर बेतलेले आहे: अडचण निवडणे, तिचे मूळ शोधून मोजणे, लहान प्रमाणावर बदल करून पाहणे, आणि टिकला तर रुजवणे.

प्रतिजैविके कमी लिहिली म्हणजे गुणवत्ता वाढली असे समजायचे का?

सरसकट नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिला प्रतिजैविक लागत नाही, त्यामुळे त्या मुलांमधील आकडा खाली यायला हवा. पण कानात पू झालेल्या किंवा न्यूमोनियाच्या मुलाला ते नाकारणे ही चूकच आहे. म्हणून आम्ही आकडा निदानानुसार वेगळा काढतो. पालकांचा आग्रह हे कारण बहुतेक डॉक्टर सांगतात; आमच्या पाहणीत मात्र असे दिसले की प्रतिजैविके संध्याकाळी सातनंतरच्या केसपेपरवर अधिक होती, म्हणजे आग्रहाइतकाच थकवाही जबाबदार होता.

खोकल्याच्या सिरपबाबत आता संदिग्धता राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मधील सूचनेत, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

तापाच्या औषधाच्या डोसमध्ये चूक कशी होते?

बहुधा बाटली बदलल्यामुळे. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, तर सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅमचे. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यायचे तर १२० च्या सिरपचे सुमारे ६ मिलिलिटर होतात. पण औषध दुकानातून सिरपऐवजी थेंबांची बाटली आली आणि आईने लक्षात ठेवलेले "सहा" तसेच दिले, तर एका वेळी ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध पोटात जाते.

आमच्याकडे ही गोष्ट थोडक्यात टळली, कारण आईने शंका आली म्हणून बाटली घेऊन परत येऊन विचारले. तेव्हापासून आम्ही "एक चमचा" किंवा "अर्धे टोपण" असे लिहिणे बंद केले आहे. चिठ्ठीवर औषधाची तीव्रता, मिलिलिटर आणि किती तासांनी हे तिन्ही येते. आई किंवा आजी औषध घेऊन आली की सिस्टर सुई नसलेली सिरिंज हातात देऊन "किती भरणार ते दाखवा" असे म्हणते. समजले का, असे विचारले की सगळेच हो म्हणतात. भरून दाखवायला सांगितले की खरी परिस्थिती कळते.

लसींच्या फ्रीजकडे किती लक्ष द्यावे? वीज गेली तर काय?

लस अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सियस तापमानात राहायला हवी. वीज जाण्याची भीती सर्वांनाच असते, पण अति थंडीची भीती फारशी कोणाला नसते, आणि नुकसान तिथेच गुपचूप होते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, इंजेक्शनची पोलिओ लस या गोठल्या की निकामी होतात. कुपीवरील उष्णतादर्शक चौकोन लस तापल्याचे दाखवतो, गोठल्याचे दाखवत नाही. एका जानेवारीत सकाळी साडेआठला आमच्या तापमापकाने शून्याच्या खालचा आकडा दाखवला. एप्रिलच्या उन्हाळ्यात वाढवलेले फ्रीजचे बटण हिवाळ्यात कोणी खाली आणलेच नव्हते. गोठणाऱ्या सर्व लसी आम्ही वेगळ्या खोक्यात "वापरू नये" असे लिहून ठेवल्या आणि शेवटी टाकून दिल्या. पैशाचे नुकसान झाले, पण शंकास्पद लस टोचून मूल सुरक्षित आहे असे मानण्यापेक्षा ते परवडले.

तापमान सकाळी आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशीही, पाहून सहीसह लिहावे. सलग महिनाभर "४, ४, ४, ४" असा तक्ता दिसला तर तो तापमापकाकडे न बघता भरला आहे, असे समजावे. फ्रीजच्या दारात लस ठेवू नये, खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, आणि वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा मोह टाळावा. फ्रीजमध्ये डबा, दूध किंवा कोणाचा गजरा असू नये. हे लिहावे लागते, कारण ते आम्ही पाहिले आहे.

तातडीच्या प्रसंगाची तयारी कशी तपासावी?

महिन्यातून एकदा, कोणालाही न सांगता, सराव करून. आमच्या पहिल्या सरावात ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता, मास्कही होता, पण सिलिंडर उघडण्याची किल्ली सापडली नाही. ती आता साखळीने सिलिंडरलाच बांधलेली आहे. लसीनंतर अर्धा तास थांबवण्याचा नियम पाळला जातो की नाही हेही पाहावे, आणि लसीची तीव्र ॲलर्जी आल्यास द्यायच्या ॲड्रेनॅलिन इंजेक्शनचा वजनानुसार डोस (१:१००० द्रावण, किलोमागे ०.०१ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील स्नायूत) तातडीच्या औषधांच्या ट्रेच्या झाकणावरच चिकटवावा. त्या क्षणी गणित सुचत नाही.

नंबर लांबतो, अशी पालकांची तक्रार असते. हा गुणवत्तेचा प्रश्न आहे का?

आहे, पण आधी वेगळा प्रश्न सोडवावा: कोणत्या मुलाने नंबर लावायचाच नाही? दूध किंवा पाणी न घेणारे, सर्व काही उलटून टाकणारे, झटका आलेले, सुस्त पडलेले किंवा बेशुद्ध मूल, तसेच दोन महिन्यांखालील तापाचे बाळ थेट आत गेले पाहिजे. ही ओळख डॉक्टरांना असून उपयोग नाही. ती रिसेप्शनवरील ताईंना हवी, कारण मूल आधी त्यांना दिसते. आमच्या काउंटरवर ही लक्षणे काचेखाली ठेवली आहेत आणि ताईंनी एखादे मूल उगाच आत पाठवले तरी त्यांना कोणी बोलायचे नाही, असा नियम आहे.

त्यानंतर वेळ. केसपेपरवर आल्याची आणि आत गेल्याची वेळ लिहिली की चित्र स्पष्ट होते. आमच्याकडे सोमवारची सकाळ सर्वांत वाईट होती, आणि त्यातही पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून एसटीने येणाऱ्यांचे हाल अधिक, कारण गंगापूर रोड किंवा सिडकोतील पालक फोनवर आधीच नंबर लावून येत असत. आता काही नंबर बाहेरगावच्या मुलांसाठी राखलेले आहेत. वेळ कमी होत असताना तपासणी घाईची होत नाही ना, हे पाहण्यासाठी तीन दिवसांत परत येणाऱ्या मुलांचा आकडा त्याच कागदावर शेजारी ठेवावा.

द्राक्षहंगामात येणाऱ्या मजूर कुटुंबांची मुले मध्येच दिसेनाशी होतात. त्यांचा पाठपुरावा कसा करावा?

जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास दिंडोरी-निफाडच्या बागांवर काम करणारी कुटुंबे हंगाम संपला की गावी परततात आणि दिलेला मोबाईल क्रमांकही पुष्कळदा बंद होतो. अशा वेळी दोन क्रमांक घ्यावेत, एक मुकादमाचा किंवा बागायतदाराचा. पुढच्या लसीच्या तारखेसोबत जवळच्या आठवडे बाजाराचा वार लिहावा, कारण गावाकडे तारखेपेक्षा बाजाराचा वार लक्षात राहतो. माता बाल संरक्षण कार्ड त्यांच्याजवळच राहिले पाहिजे. ते दाखवून कोणत्याही सरकारी उपकेंद्रात पुढचा डोस मोफत मिळतो, हे त्यांना सांगावे, मग ते आपल्याकडे परत येवोत वा न येवोत. मध्ये खंड पडला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, राहिलेल्या डोसपासून पुढे जायचे असते.

चुका लिहून ठेवल्या तर त्या आपल्याच अंगावर येणार नाहीत का?

ही भीती स्वाभाविक आहे आणि केवळ भाषणाने ती जात नाही. आमच्या चूकवहीत व्यक्तीचे नाव लिहीत नाहीत. काय घडले, कोणत्या वेळी, आणि तेव्हा बाहेर किती मुले बसली होती, एवढेच लिहितात. पहिली नोंद डॉक्टरांनी स्वतःच्या चुकीची केली नाही तर ती वही कोरीच राहील. चूक मुलापर्यंत पोहोचली असेल तर पालकांना त्याच दिवशी सांगावे.

एनएबीएचचे प्रमाणपत्र घ्यावे का?

घेतले तर चांगलेच. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या, भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतील या मंडळाची लहान दवाखान्यांसाठीही मानके आहेत. पण त्याआधी सक्तीच्या गोष्टी पाहाव्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत: सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात.

वर्षभर मोजूनही एखादा आकडा हललाच नाही तर?

आमच्या बाबतीत तो राहिलेल्या लसीच्या चौकशीचा आकडा होता. मूल तापाने आले की लसीचे विचारायचे राहून जाई. आम्ही भिंतीवर तक्ता लावला, केसपेपरवर रकाना छापला, मासिक बैठकीत एकमेकांना दोनदा सुनावलेही. टिंबे मध्यरेषेच्या आसपासच राहिली. अखेर एका बैठकीत मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, विचारता तुम्ही, पण कार्डच घरी असतं. आजारी पोराला आणताना कार्ड कशाला आणतील?" आम्ही दोघे डॉक्टर वर्षभर आपल्या विसराळूपणावर इलाज करत होतो आणि अडचण तिथे नव्हतीच. आता फोनवर नंबर देतानाच रिसेप्शनवरील ताई "कार्ड सोबत आणा" असे सांगतात, कार्डाचा फोटो पालकांच्याच मोबाईलमध्ये काढून ठेवायला मावशी मदत करतात, आणि तो रकाना मूल आत येण्यापूर्वीच भरलेला असतो.